व्हॅक्यूम क्लीनरचे सुटे भाग : हिंगणघाटकडचं एक घरगुती दुकान

बापानं मोटर रिवाइंडिंगवर (जळालेल्या मोटरची तार नव्यानं गुंडाळण्यावर) सुरू केलेलं दुकान आता पोरं चालवतात. १९८२ मध्ये युरेका फोर्ब्सनं दारोदारी मशीन विकायला सुरुवात केली. त्या काळातल्या जुन्या मशीनचे होज (हवा ओढणारे लवचीक पाइप), पिशव्याही इथं जुळवून मिळतात.

खरी पारख कार्बन ब्रशची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची. नुसता नवा ब्रश हातात टेकवत नाहीत. आधी कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतो तो तांब्याचा फिरता भाग, पाहतात. काळा पडला असेल तर झिरो पेपरनं (अगदी बारीक पॉलिश पेपरनं) हलकासा घासतात, मगच जोडी बदलतात. एकच बदलला तर ठिणग्या उडतात. होजसाठी तोंडाचं माप मिलिमीटरमध्ये घेऊन जा. ३२ आणि ३५ डोळ्यांना सारखेच वाटतात.

जिनिंगवाल्यांची (कापसातून सरकी काढणाऱ्या गिरण्यांची) मशीनं इथं जास्त येतात. रुईचा बारीक तंतू फिल्टरवर थर धरतो, हवा अडते अन् साध्या मशीनची मोटर तापून जळते, कारण तिला थंड करणारी हवा तीच. अशांना बायपास मोटरचं मशीन सुचवतात; त्यात मोटर थंड करायला वेगळी हवा असते. महाग, पण सल्ला रास्त. फिल्टर धुतला तर सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका.

एकच उणीव : कापसाच्या हंगामात मशीन लवकर परत मिळत नाही. दिवाळीआधीच टाका.