चाळिशीचा चष्मा, बुबुळातली चकती की डोळ्यात नवं भिंग?

माझी बहीण घरी शाळेचे गणवेश शिवते. यंदा तिला चाळिशी लागली. सोलापुरात जूनच्या आधीचे दिवस म्हणजे या कामाची घाई. नेव्ही ब्लू कापडावर नेव्ही ब्लू दोरा, दिवेलागणीची वेळ, आणि हात लांब केला तरी सुईचं नाकं सापडेना. "चष्मा नको, डोळ्यातच बसवतात म्हणे काहीतरी," म्हणाली. तुम्हीही त्याच विचारात असाल, तर आम्ही काय काय पडताळलं ते सांगते.

आधी दोष कोणता ते पक्कं करा. लहानपणापासून प्लस नंबर असेल तर बहुधा डोळ्याचा गोळाच आखूड असतो. चाळिशीत मात्र डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळच्या वस्तूसाठी फुगेनासं होतं. बुबुळात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात (कॉर्नियात), बसवायची चकती, म्हणजे इनले, ही चाळिशीसाठी आहे. मोठा प्लस नंबर तिनं जात नाही.

काम्रा नावाच्या इनलेला अमेरिकेत 2015 मध्ये मंजुरी मिळाली. 3.8 मिलिमीटरची काळी चकती, मधोमध 1.6 मिलिमीटरचं छिद्र. लेसरनं बुबुळात कप्पा करून ती एकाच डोळ्यात बसवत असत. बारीक छिद्रातून पाहिलं की जवळचं स्पष्ट दिसतं, पण त्या डोळ्यात उजेड कमी जातो. गडद कापडावर काम करणाऱ्यासाठी मला हीच मोठी अडचण वाटते. दुसरी रेनड्रॉप, 2016 ची, पारदर्शक आणि 2 मिलिमीटरची. तिनं बुबुळावर धूसरपणा येतो असं दिसल्यावर 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ती बसवू नका असं डॉक्टरांना सांगितलं. इनले काढता येतो हे खरं, पण काढल्यावर बुबुळ पूर्ववत होईलच याची हमी नाही.

भिंग बदलण्याची शस्त्रक्रिया म्हणजे मोतीबिंदूचीच. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर मी हाच मार्ग धरेन, एका ऑपरेशनात दोन्ही कामं होऊ शकतात. निरोगी भिंग मात्र केवळ चष्मा टाळायला काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गेलेलं भिंग परत येत नाही, आणि जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल भिंगानं रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे आधीच डॉक्टरांशी बोलावं.

एका डोळ्याला जवळचा नंबर देणारी कॉन्टॅक्ट लेन्स आधी काही दिवस लावून पाहता येते. नाही जमली तर काढली, झालं.

बहिणीनं शेवटी चष्माच घेतला. मात्र नंबर काढायला जाण्याआधी गळ्यातल्या टेपनं मशीनच्या सुईपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजलं. 20 इंच भरलं. पुस्तक आपण त्याहून जवळ धरतो, म्हणून नंबर मुद्दाम या अंतराचा काढून घेतला. शिवाय मशीनवर चांगला दिवा लावला. लख्ख उजेडात बाहुली आपोआप बारीक होते. त्या काळ्या चकतीचं तत्त्व तरी दुसरं काय आहे?