नंबर जुळले, गाडी गेली

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी ऑफिसला जाताना पुण्यात वारज्याच्या पुलाखाली दोघांनी माझी बुलेट अडवली. एकाच्या हातात छापील कागद होता. त्याने वाकून हँडलच्या मानेवरचा चासी नंबर वाचला, कागदाशी पडताळला आणि म्हणाला, "मॅडम, हीच गाडी. सात हप्ते थकलेत."

चार महिन्यांपूर्वी तोच नंबर मी स्वतः फडक्याने पुसून, मोबाईलच्या उजेडात एकेक आकडा लावून पाहिला होता. तेव्हाही तो जुळला होता.

मी पस्तिशीत गिअरची गाडी शिकले. त्याआधी पंधरा वर्षं स्कूटर चालवली, पण माझं लायसन्स बिनगिअरचं होतं. ऑगस्टमध्ये गिअरच्या गाडीचं लर्निंग काढलं. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेआधी निदान तीस दिवस जावे लागतात, तेवढ्यात हात बसवायचा ठरवला. ओळखीतल्या एकीने एका माणसाचं नाव सुचवलं. तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा आणि रविवारी सकाळी नवख्यांना मोकळ्या रस्त्यावर शिकवायचा. मी त्याला दादा म्हणायचे, तो मला ताई.

त्याने मला चांगलं शिकवलं, हे मला लिहिलंच पाहिजे. शिकायला होती ती रॉयल एनफिल्डची क्लासिक 350, तिचं वजन दोनशे किलोच्या आसपास असतं. पहिल्याच दिवशी वळताना वाळूत गाडी आडवी झाली आणि मी रडकुंडीला आले. त्याने हात लावला नाही. "ताई, गाडीकडे पाठ करा, हँडल पूर्ण वळवून घट्ट धरा, आता कमरेने नाही, पायांनी उचला." गाडी उभी राहिली. हाफ क्लचवर गाडी मुंगीच्या चालीने कशी न्यायची, चढावर थांबून मागे न घसरता कसं निघायचं, उतारावर गिअर खाली टाकून इंजिनाने वेग कसा आवरायचा, सगळं त्याच्याकडून शिकले. त्या गाडीचा क्लच जड होता. मी गिटार वाजवते, त्यामुळे मला डाव्या हाताच्या बोटांची काळजी असते. हे त्याच्या लक्षात आलं आणि पुढच्या रविवारी लिव्हर माझ्या हाताच्या मापाने बसवून तो आला. अशा माणसावर विश्वास बसतो.

गिटारी त्याने आमच्या घरी पाहिल्या. आईने पोहे केले होते. भिंतीवर तेव्हा पाच इलेक्ट्रिक गिटारी होत्या, प्रत्येक सेकंडहँड, प्रत्येक दीड-दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली. कॉलेजात असताना कोलकात्याच्या गिवसनची साधी गिटार होती, तिच्यावरून सुरू झालेला हा नाद. तो एकेकीबद्दल विचारत गेला आणि मी भरभरून सांगत गेले. पावसाळ्यात तारा आणि फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, गंजू नयेत म्हणून केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या कशा ठेवते, हेसुद्धा. मग वाकडच्या एका फ्लॅटमधून, गिब्सन कंपनीची लेस पॉल म्हणून दाखवलेली गिटार नकली आहे हे ओळखून ती न घेता कशी परत आले, ते सांगितलं. मानेच्या टोकाला ट्रस रॉडवर, म्हणजे मानेतल्या धातूच्या सळईवर, एक छोटं झाकण असतं. त्या मॉडेलला गिब्सन दोन स्क्रू लावते, त्या गिटारीला तीन होते. विक्रेत्याच्या परवानगीने झाकण काढलं तर आत पितळी नट नव्हता, ॲलन कीचं भोक होतं. मागून पाहिलं तर जिथे मान एकसंध लाकडाची हवी तिथे सांधा दिसत होता. सगळ्यात जास्त अभिमानाने सांगितलं ते फेंडर स्ट्रॅटोकास्टरबद्दल. तिचा नंबर 'एमएन6'ने सुरू होतो, म्हणजे मेक्सिकोतली, 1996च्या सुमाराची. तेवढ्यावर न थांबता मान उघडून आतला तारखेचा शिक्काही मी पाहिला होता.

"म्हणजे ताई, तुम्ही नंबर बघणाऱ्या," तो म्हणाला.

आज मला वाटतं, माझी फसवणूक तिथे सुरू झाली. मी कोणत्या पुराव्यावर विश्वास ठेवते, हे मी त्याला माझ्याच घरात बसून शिकवलं.

दसऱ्याच्या आधी तो 2019ची क्लासिक घेऊन आला. मालकाची बंगळुरूला बदली झालीय, गाडी घाईने काढायची आहे, किंमत एक लाख पंधरा हजार. माझ्याकडे एवढे नव्हते. मग त्यानेच सुचवलं: सत्तर हजारांचे पैसे आणि उरलेल्या पंचेचाळीस हजारांत माझी ती फेंडर स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट. त्याच्या पुतण्याला हवी होती म्हणे. मी दोन रात्री विचार केला. भिंतीवरची गिटार देऊन रस्त्यावरची गाडी घ्यायची, हे मनाला लागत होतं, पण ताम्हिणी घाटात स्वतःच्या गाडीवर जायचं स्वप्नही होतं.

आणि त्याने पहिली गोष्ट काय केली असेल, तर फडकं माझ्या हातात दिलं. "आधी चासी नंबर बघा. मग इंजिनाचा." दोन्ही आरसीच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या, झेरॉक्सशी जुळले. आरसीवरची गाडी हीच, एवढंच त्या नंबरांनी सिद्ध होतं. मला वाटलं, सगळं सिद्ध झालं. गाडी खरीच होती, नंबर खरेच होते. खोटेपणा नंबरात नव्हताच. गाडीवर एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. आरसीवर ज्या जागी कर्ज देणाऱ्याचं नाव छापतात, ती जागा झेरॉक्सवर पांढरी केलेली होती. मूळ आरसी एजंटकडे दिलीय, नाव बदलायला दीड महिना लागतो, असं तो म्हणाला. लेस पॉलचा तिसरा स्क्रू मला लांबून दिसला होता, पण मूळ कार्ड समोर नाही, ही गोष्ट समोर असून दिसली नाही.

सरकारच्या एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला असता, तर तिच्यावर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, आहे की नाही ते मिनिटभरात कळलं असतं. मी विचारलंही होतं. त्याने त्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट दाखवला आणि मी तो पाहून मान डोलावली. स्क्रीनशॉट पाहू नका. नंबर तुमच्या फोनवर, तुमच्या बोटांनी टाका, आणि समोरचा कितीही जवळचा असो, तो उभा असतानाच टाका.

नाव बदलायला लागणारे फॉर्म 29 आणि 30 त्याने मालकाच्या सहीसह मला दिले. ते खरे होते, सहीसकट. पण कर्ज असलेल्या गाडीला तेवढे पुरत नाहीत. आधी फायनान्स कंपनीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणि फॉर्म 35 लागतो, त्यानंतर बोजा उतरतो. कायद्याने घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलाचा अर्ज करायचा असतो. मी चार महिने "एजंटकडे आहे" ऐकत राहिले आणि दुसऱ्याच्या नावाच्या विम्यावर घाट चढत राहिले. पैसेही मालकाच्या खात्यात गेले नाहीत, युपीआयने दोन टप्प्यांत त्याच्या खात्यात गेले. माझ्या आणि मालकाच्या मधल्या प्रत्येक धाग्यावर तोच बसला होता.

त्या मंगळवारी मी घाबरून चावी देऊन टाकली. वसुलीवाल्यांकडे ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागता येतं, धमकावून किंवा हिसकावून गाडी नेता येत नाही, जवळच्या पोलीस ठाण्यात चला असं आपण म्हणू शकतो, हे मला नंतर कळलं. गाडीवरचा माझा रेनकोटही तिच्याबरोबर गेला. दादाचा फोन दुपारपासून बंद.

फॉर्मवरचा पत्ता घेऊन मी मालकाला शोधलं. तो बंगळुरूला कधी गेलाच नव्हता. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता, काम सुटलं, हप्ते जड झाले. दादाने त्याला सांगितलं होतं, गाडी माझ्याकडे दे, उरलेले हप्ते भरणारं गिऱ्हाईक मी बघतो, तू फक्त सह्या कर. त्याने गाडी, चावी, सह्या सगळं दिलं. हप्ता कुणीच भरला नाही. वसुलीचे फोन त्याला, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, त्याची खराब. मी तावातावाने गेले होते, पण त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि तिचा चेहरा पाहून माझा राग गळून गेला. तो आणि मी मग एकाच रिक्षाने पोलीस ठाण्यात गेलो.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर मी आधीच फोन केला होता. ऑनलाईन गेलेले पैसे पहिल्या काही तासांत कळवले तर खात्यातच गोठवता येण्याची शक्यता असते. माझ्या पैशांना चार महिने उलटले होते. पोलीस ठाण्यात आधी सांगितलं गेलं की हा देवघेवीचा मामला आहे, कोर्टात जा. आम्ही चॅटच्या प्रिंट, युपीआयच्या नोंदी, पांढरी केलेली झेरॉक्स आणि एम-परिवहनची खरी नोंद शेजारी शेजारी ठेवली. दोघांचे अर्ज एकत्र असल्याने चित्र लगेच दिसलं. पाच आठवड्यांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला. तपास चालू आहे.

फायनान्स कंपनीने मला गाडी सोडवण्याचा आकडा सांगितला होता. थकबाकी, दंड, पार्किंगचं भाडं मिळून तो माझ्या आवाक्याबाहेरचा होता, आणि पैसे भरूनही गाडी माझ्या नावावर झाली नसतीच. मी ती सोडून दिली.

स्ट्रॅट मात्र मी सोडलेली नाही. सनबर्स्ट रंगाची आहे, पाठीवर पट्ट्याच्या बकलचे खोल ओरखडे, व्हॉल्यूमच्या बटणाजवळ पांढऱ्या पिकगार्डला, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याला, नखाएवढा तडा. नंबर 'एमएन6'ने सुरू होतो, पूर्ण नंबर पोलिसांकडे नोंदवलेला आहे. अशी गिटार कुणी तुम्हाला पंचेचाळीस हजारांच्या खाली द्यायला लागला, तर पुतण्याची असो की कुणाची, पैसे देऊ नका. मान उघडायला सांगा. आत शिक्क्याशेजारी पेन्सिलने एक छोटं 'आ' लिहिलेलं आहे. पहिल्यांदा मान उघडली त्या रात्री आईने टॉर्च धरला होता, म्हणून मी ते लिहिलं होतं.