हाडांच्या टीबीची सरकारी सेवा: गोळ्यांना पैकीच्या पैकी, निदान काठावर पास

विदर्भाच्या खेड्यात टीबीची तपासणी म्हणजे बेडक्याची डबी. खोकला असला की आशाताई डबी देते आणि पुढचं सगळं मार्गी लागतं. हाडाच्या टीबीत बहुतेकांना ना खोकला, ना बेडका. त्यामुळे ही सेवा गोळ्या सुरू झाल्यावर उत्तम चालते, पण तिथवर पोचवताना अडखळते.

पाठ दुखते म्हणून माणूस पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो आणि डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी घेऊन परत येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर कोणाची दुखत नाही? पण आराम करूनही थांबत नाही, रात्री झोपू देत नाही, एकाच मणक्यावर बोट दाबलं की कळ येते, सोबत संध्याकाळची कणकण आणि उतरतं वजन, असं असेल तर महिनाभर बाम चोळत बसू नये. एक्स-रे नॉर्मल आला म्हणूनही निश्चिंत होऊ नये. मणक्याचा बराच भाग पोखरला गेल्याशिवाय टीबी एक्स-रेत दिसत नाही. एमआरआयमध्ये लवकर दिसतो: शेजारचे दोन मणके, मधली चकती, बाजूला साचलेला पू. त्यासाठी सहसा तालुका सोडून यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूर गाठावं लागतं.

एमआरआय म्हणजेही शेवटचा शब्द नव्हे. साधा जंतुसंसर्ग, कॅन्सरची गाठ, कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला जंतू, यांची चित्रं कधीकधी टीबीसारखीच दिसतात. म्हणून शक्य तिथे सुईने तुकडा किंवा पू काढायचा, आणि तो दोन बाटल्यांत जायला हवा. एक फॉर्मेलिनची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. दुसरी साध्या सलाइनची, सीबीनॅट (टीबीच्या जंतूचे जनुक शोधणारी मशीनची तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) यांसाठी. सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये टाकला की जंतू मरतात, कल्चर बाद होतं आणि औषध लागू पडेल की नाही हे कळण्याची वाट बंद होते. नमुना काढण्याच्या दिवशी नातेवाइकांनी दुसऱ्या बाटलीचं विचारायला लाजू नये. सीबीनॅट सुमारे दोन तासांत जंतू आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा प्रकार, दोन्ही सांगतं. हाडात जंतू मोजकेच असतात, त्यामुळे ते निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं होत नाही. कल्चरला सहा आठवडे लागू शकतात. ईएसआर (शरीरातली सूज सांगणारी रक्ततपासणी) वाढला एवढ्यावर गोळ्या सुरू करणं मात्र अंदाजपंचे काम.

जांघेत किंवा पाठीवर गाठ आली, पण ती ना गरम ना लाल, तर ती मणक्यातून उतरलेल्या पुवाची असू शकते. लेप लावून ती फोडली की नासूर होतो आणि महिनोन्‌महिने वाहतो. डॉक्टर जाड सुई बाजूच्या चांगल्या कातडीतून, वरच्या अंगाने घालतात, ते याचसाठी.

गोळ्यांचं काम मात्र चोख. दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी, नंतर तीन औषधांची, रोज, वजनावर: 35 ते 49 किलोला तीन, 50 ते 64 ला चार. वजन पाच किलोंहून जास्त वाढून पुढच्या गटात गेलं तर गोळीही वाढते, म्हणून दर महिन्याला काट्यावर उभं राहा. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली, तर गोळ्या थांबवून लगेच दवाखाना गाठा. सरकारकडून रुग्णाला मिळणारे पोषणाचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये झाले.

गोम मुदतीत आहे. फुप्फुसाच्या सहा महिन्यांची सगळ्यांना सवय, हाडाला सहसा 12 महिने लागतात, क्वचित 18. सहाव्या महिन्यात ‘कोर्स संपला’ असं कोणी म्हणालं तर आधी हाडाच्या डॉक्टरांकडून मुदतीचं लेखी आणा. बरं झालं का ते दुखणं, वजन, ईएसआर यांवरून ठरतं; एमआरआय मागाहून सुधारतो.

बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पण चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, पाय कडक होतात किंवा लघवीवर ताबा राहत नाही, तर त्याच दिवशी मेडिकल कॉलेज. जाताना आधार आणि रेशन कार्ड घ्या, आणि मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेचं तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) भरती होतानाच विचारा.