कॅनन आरएफ ८५ मिमी एफ/१.२ : नागपुरात नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात चेहऱ्यांच्या फोटोंसाठीची ही लेन्स हाती आली आणि तिची पहिली परीक्षा तान्ह्या पोळ्याला झाली. महाल भागातल्या आमच्या गल्लीत सजवलेले लाकडी नंदी घेऊन मुले बोजाऱ्यासाठी, म्हणजे घरोघरी मिळणाऱ्या खाऊ-पैशांसाठी, दारोदार फिरत होती. त्यांतल्या एका मुलीचा फोटो घरी येऊन मोठा करून पाहिला, तर नंदीची शिंगे लख्ख आणि मुलीचे डोळे धूसर. चूक माझीच होती. दोन मीटरवरून एफ/१.२ ला, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र (ॲपर्चर) पूर्ण उघडे असताना, जेमतेम चार सेंटिमीटर खोली फोकसमध्ये राहते, हे मला आकड्यांत ठाऊक होते, हाताला ठाऊक नव्हते.

चेहऱ्यामागचे सारे धूसर करून पुसून टाकते म्हणून ही लेन्स घ्यावी, असे मला आता वाटत नाही. तेवढे काम थोडे लहान छिद्र असलेली एफ/१.८ ची साधी लेन्सही करते. दोन लाखांहून अधिक पैसे मोजावे लागतात ते वस्तूंच्या कडा रंगाविना स्वच्छ येण्यासाठी. माझ्या थोरल्या आत्याचे केस पांढरेशुभ्र आहेत आणि दुपारी ती ओसरीवर उजेडाकडे पाठ करून बसते. माझ्या जुन्या ८५ मिमीच्या लेन्सने तिचा फोटो काढला की फोकसच्या पुढे आलेल्या बटांना जांभळी आणि मागच्यांना हिरवी किनार येई, आणि ती पुसण्यात माझी संध्याकाळ जाई. या लेन्समध्ये काचांच्या मधोमध एका सेंद्रिय पदार्थाचा थर बसवलेला आहे. निळ्या प्रकाशाला तो काचेपेक्षा अधिक वळवतो, त्यामुळे एरवी भरकटणारा निळा इतर रंगांबरोबर एकाच जागी येऊन मिळतो. कॅननने ही युक्ती २०१५ मध्ये ३५ मिमीच्या लेन्समध्ये प्रथम वापरली आणि २०१९ मध्ये या लेन्समध्ये आणली. आत्याचे केस आता पांढरेच येतात, नथीच्या मोत्यांभोवतीही रंग सांडत नाही, आणि हे सगळे ॲपर्चर पूर्ण उघडे असताना.

दुसरा गुण शब्दांत सांगणे कठीण आहे. डोळ्यापासून कानापर्यंत जाताना तीक्ष्णता तुटत नाही, ती विरघळत जाते. फुटाळा तलावाच्या काठी संध्याकाळी मागचे दिवे मध्यभागी गोल आणि कोपऱ्यांत लिंबासारखे निमुळते दिसतात. काहींना ते खटकते, मला त्यात चेहऱ्याभोवती वळण आल्यासारखे वाटते. ॲपर्चर थोडे मिटले की तेही गोल होतात.

आपल्या उन्हाचे मात्र गणित आधी मांडून ठेवावे. कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० ला एफ/१.२ साठी शटर साधारण १/१८,००० सेकंद लागते आणि माझा आर६ कॅमेरा १/८००० वर थांबतो. म्हणून ८२ मिमीचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, मला जवळजवळ लेन्सइतकाच आवश्यक ठरला; एवढ्या व्यासाचा चांगला फिल्टर स्वस्त मिळत नाही, हे खरेदीच्या वेळीच हिशेबात धरावे.

वजन १,१९५ ग्रॅम. लग्नात दुसऱ्या तासानंतर मनगट बोलू लागते, आणि धावत्या मुलांमागे मी ही लेन्स नेत नाही, कारण एवढ्या जड काचा हलवून फोकस साधायचा असतो. माणूस बसलेला असेल तर डोळा ओळखणारा फोकस क्वचितच चुकतो. लेन्समध्ये स्थिरीकरण नाही. ते काम कॅमेरा करतो आणि स्थिर बसलेल्या माणसासाठी १/६० वरही मला ते पुरले आहे.

धूसरपणा आणखी मऊ करणारी याच लेन्सची डीएस आवृत्ती घ्यावी का, असे एका स्नेह्याने विचारले. तिच्यातला कडांकडे गडद होत जाणारा लेप पूर्ण उघड्या ॲपर्चरला एका स्टॉपहून अधिक, म्हणजे निम्म्याहून जास्त, प्रकाश खातो. स्टुडिओत दिवे वाढवून तो भरून काढता येईल. मी मात्र दिवेलागणीच्या वेळी ओसरीवर फोटो काढतो, आणि तिथला तेवढा उजेड सोडायला मी तयार नाही.