जुना थिंकपॅड टी४८०: तीन वर्षांच्या वापरानंतर

दरमहा जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी ‘३बी’ या विवरणपत्राची शेवटची तारीख २० असते आणि नाशिकच्या अंबड-सातपूरमधले माझे बरेचसे अशील आपली बिले १८ तारखेच्या संध्याकाळी पाठवतात. २०२२ च्या ऑगस्टमधल्या अशाच एका १८ तारखेला मी माझ्या आधीच्या लॅपटॉपचे झाकण उघडत असताना डाव्या कोपऱ्यातून काडी मोडल्यासारखा आवाज झाला आणि पडद्याची चौकट बोटभर उचकटली. आत डोकावल्यावर दिसले की बिजागरीचा स्क्रू ज्या पितळी नटात बसतो, तो नट प्लास्टिकच्या बुंध्यासकट उपटून आला होता. लॅपटॉप चौदा महिन्यांचा होता, वॉरंटी बारा महिन्यांची होती, आणि सेवा केंद्राने ‘फिजिकल डॅमेज’ असा शेरा मारून संपूर्ण बॉडी बदलण्याचा जो खर्च सांगितला, तो लॅपटॉपच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक होता. त्या कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिचाच पण दुसऱ्या मालिकेतला लॅपटॉप माझा धाकटा भाऊ सहा वर्षे विनातक्रार वापरतो आहे.

‘कोणती कंपनी चांगली’ हा प्रश्न मी तेव्हापासून विचारणे सोडले. लॅपटॉप विकणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीत दोन वेगवेगळे संसार चालतात. डेलमध्ये इन्स्पिरॉन वेगळा आणि लॅटिट्यूड वेगळा. एचपीमध्ये पॅव्हिलियन वेगळा आणि एलिटबुक वेगळा. लेनोवोमध्ये आयडियापॅड आणि थिंकपॅड यांचे नाते आडनावापुरतेच आहे. पहिला संसार घरगुती गिऱ्हाइकासाठी असतो आणि तिथे किंमत, चकाकी आणि जाडी यांवर स्पर्धा चालते. दुसरा असतो एकदम शेकडो लॅपटॉप घेणाऱ्या कार्यालयांसाठी, आणि तिथे बिजागरी तुटली तर एक गिऱ्हाईक नव्हे, अख्खा करार हातचा जातो. त्यातून बहुतेक कंपन्यांचे लॅपटॉप प्रत्यक्षात क्वांटा, कॉम्पल, विस्ट्रॉन अशा मोजक्या तैवानी कंत्राटदारांनी बनवलेले असतात, त्यामुळे झाकणावरच्या नावापेक्षा त्या मालिकेसाठी काय दर्जा मागितला गेला, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

नव्या व्यावसायिक मालिकेची किंमत माझ्या आवाक्याबाहेर होती. म्हणून महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानातून, कंपन्यांनी भाडेकरार संपल्यावर परत केलेल्या मालातला थिंकपॅड टी४८० मी २४ हजारांना घेतला. थिंकपॅड हे मूळचे आयबीएमचे, १९९२ सालचे अपत्य. २००५ मध्ये ते लेनोवोकडे दत्तक गेले. टी४८० हे २०१८ चे मॉडेल आहे. आधीचा टी४७० आणखी स्वस्त मिळत होता आणि दुकानदार तोच गळ्यात मारू पाहत होता, पण त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर येतो आणि विंडोज ११ ची अधिकृत पात्रता आठव्या पिढीपासून सुरू होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने बंद झाली, तेव्हा तो जास्तीचा खर्च वसूल झाला.

दुकानाच्या काउंटरवर मी दोन गोष्टी पाहिल्या. लॅपटॉप सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, गेलो आणि तिथे जुन्या मालकाचा सुपरवायझर पासवर्ड राहिलेला नाही याची खात्री केली, कारण थिंकपॅडमध्ये तो विसरला गेला तर काढणे हे साध्या दुरुस्तीवाल्याचे काम नव्हे. मग विंडोजचा बॅटरी अहवाल काढून मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर उरणारी क्षमता हे दोन आकडे शेजारी ठेवले. ‘ए ग्रेड माल आहे, बॅकअपची काळजीच करू नका’ असे तोंडाने सांगणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा हे सोपे पडते. त्या दिवशी पहिल्या नगाची मागची बॅटरी निम्म्यावर आलेली निघाली आणि दुकानदाराने निमूटपणे दुसरा नग काढून दिला.

या लॅपटॉपला दोन बॅटऱ्या आहेत: २४ वॉट-तासांची एक आत, आणि दुसरी मागे, दोन खटके सरकवून निघणारी. आधी मागची वापरली जाते. ती संपली की लॅपटॉप बंद न करता ती काढून दुसरी बसवता येते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांचे हिशेब मी त्यांच्या पॅकहाउसमध्ये बसून करतो. तिथे वीज दुपारी जाते ती संध्याकाळी येते, आणि मार्चमध्ये मालाची घाई चाललेली असताना दप्तर हातात देणाऱ्याला ‘चार्जिंग संपले, उद्या येतो’ असे सांगण्याची सोय नसते. टॅली उघडे असताना मागची बॅटरी बदलताना मला पहिल्यांदा पाहिले, तेव्हा तिथले मॅनेजर म्हणाले, ‘साहेब, ट्रॅक्टरचे चाक चालत्या गाडीत बदलल्यासारखे झाले की हो!’

कीबोर्डखाली सांडलेले पाणी वाहून जाण्यासाठी भोके आहेत. सुदैवाने त्यांची परीक्षा अजून झालेली नाही. रॅमच्या दोन्ही खाचांतल्या पट्ट्या काढता-घालता येतात, त्यामुळे ८ जीबीचे १६ मी घरीच केले. दुरुस्तीची संपूर्ण पुस्तिका लेनोवोच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, हे मला वॉरंटीच्या कागदापेक्षा मोलाचे वाटते. बिजागरी आजही पहिल्या दिवसाइतकीच घट्ट आहे. पडद्याची उजळता मात्र कागदावरच २५० निट्स, म्हणजे बेताचीच, आहे. बागेत उन्हात बसून आकडे वाचायचे असतील तर हा लॅपटॉप घेऊ नये. व्हिडिओ संपादन करणे किंवा गेम खेळणे हेही याचे काम नव्हे.

आणि थिंकपॅड म्हटले म्हणून डोळे मिटून घ्यावा असेही नाही. पुढच्याच वर्षीच्या टी४९० मध्ये मागची बॅटरी गेली आणि रॅमचा एक भाग बोर्डावर कायमचा चिकटवला गेला. २०२४ च्या टी१४ च्या पाचव्या पिढीत रॅमच्या दोन खाचा परत आल्या. तेव्हा नाव, मालिका आणि वर्ष या तिन्हींची चौकशी करावी लागते.

सध्या माझी अडचण मागच्या बॅटरीची आहे. बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून जे मिळते, त्याच्या चिकटपट्टीवरची अक्षरे अंगठ्याने घासली तरी निघतात. गेल्या आठवड्यात अशा दोन पाहून परत केल्या, आणि फेब्रुवारीत द्राक्षाचा हंगाम भरात येण्यापूर्वी खरी मिळाली नाही, तर आतल्या २४ वॉट-तासांवर आणि पॅकहाउसच्या जनरेटरवर भागवावे लागेल.