आतश बेहरामच्या सावलीतील सुखडचे दुकान

मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरील वाडियाजी आतश बेहराम, म्हणजे पारशांचे सर्वोच्च दर्जाचे अग्निमंदिर, १८३० सालचे. त्याच्या जवळपास पारशी धर्मविधींचे सामान विकणारे एक अरुंद दुकान आहे, त्याच्या पाटीवरील अक्षरे इतकी पुसली गेली आहेत की नाव वाचता येत नाही. पारशी नसलेल्यांना आतश बेहरामच्या आत प्रवेश नसतो. त्यामुळे हा धर्म समजून घेऊ पाहणाऱ्या माझ्यासारख्याला अग्यारीच्या पायरीऐवजी या दुकानाच्या फळीशीच थांबावे लागते, आणि दोन खेपांनंतर माझे मत असे झाले आहे की ही जागा त्यासाठी मुळीच वाईट नाही.

दुकानाचा मुख्य माल म्हणजे सुखड, म्हणजे आपले चंदन. लहान काड्यांपासून हातभर तुकड्यांपर्यंत ते मिळते आणि शेजारी बाभळीची वाळलेली लाकडेही रचलेली असतात, कारण अखंड तेवणारा अग्नी केवळ चंदनावर पोसणे कोणालाच परवडणारे नाही. दिवसाचे पाच ‘गेह’ पाडलेले असून प्रत्येक गेहच्या आरंभी मोबेद म्हणजे पुरोहित अग्नीला लाकूड अर्पण करतात व घंटा वाजवतात. या विधीला ‘बोई’ म्हणतात. पारशी अग्नीलाच देव मानतात ही आपल्याकडील समजूत गल्ल्यावरील वृद्ध बाईंनी शांतपणे खोडून काढली: देव एकच, अहुर मज्द, आणि अग्नी ही त्याच्या प्रकाशाची डोळ्यांना दिसणारी खूण. आतश बेहरामचा अग्नी सिद्ध करताना सोळा ठिकाणचे अग्नी शुद्ध करून एकत्र आणतात. त्यांत आकाशातील विजेचा अग्नी असतो आणि चितेचाही असतो. त्याचबरोबर कुंभार, सोनार, लोहार, भटारी, मेंढपाळ अशा कष्टकऱ्यांच्या भट्ट्या-चुलींचे अग्नीही असतात. ज्या धर्मात संन्यासाला आणि उपासतापासाला स्थान नाही व प्रामाणिक श्रम हेच पुण्य मानले जाते, त्याच्या गाभाऱ्यात लोहाराची भट्टी असावी हे मला फार अर्थपूर्ण वाटले.

मात्र या दुकानातील खरी पाहण्याजोगी वस्तू सुखड नसून काचेच्या कपाटातील सदरा आणि कस्ती आहे. (सदरा म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जे येते त्याहून हा बराच वेगळा.) पांढऱ्या पातळ मलमलीच्या या सदऱ्याला गळ्याखाली पुढच्या बाजूस जेमतेम इंचभराचा एक खिसा असतो, त्याला ‘गिरेबान’ म्हणतात. त्यात पैसा ठेवायचा नसतो. आयुष्यभर केलेली सत्कृत्ये त्यात साठवायची असतात, अशी कल्पना आहे. कस्ती ही कमरेची दोरी मेंढीच्या लोकरीच्या ७२ धाग्यांची विणलेली असते, आणि हा आकडा यस्ना या उपासनाग्रंथाच्या ७२ अध्यायांवरून आला आहे. सदऱ्यावरून कमरेला तिचे तीन वेढे घेतात: हुमत, हुख्त, ह्वर्श्त, म्हणजे सद्विचार, सद्वचन, सदाचार. पहिल्या दोन शब्दांत संस्कृतातील ‘सुमत’ आणि ‘सूक्त’ सहज ओळखू येतात. आपल्या मुंजीशी नवजोत या दीक्षाविधीची तुलना नेहमी होते, पण तिथे मुलगा आणि मुलगी दोघांनाही हा संस्कार सारखाच मिळतो. शिवाय कस्ती एकदा बांधली की काम संपले असे नाही. हातपाय धुऊन दिवसातून अनेकदा ती सोडायची, प्रार्थना म्हणत पुन्हा बांधायची आणि दुष्ट शक्ती अहरिमनचे नाव येताच तिची टोके झटकायची. सत्य व सुव्यवस्था म्हणजे ‘अश’ आणि असत्य म्हणजे ‘द्रुज’ यांच्यातील निवड धर्मसंस्थापक जरथुश्त्राने गाथा नावाच्या आपल्या स्तोत्रांमधून प्रत्येक माणसावर सोपवली. ती निवड येथे रोज नव्याने करावी लागते.

मी कस्ती विकत मागितली तेव्हा बाईंनी विचारले, “डीकरा, तुझी नवजोत झाली आहे काय?” नाही म्हटल्यावर त्यांनी ती हसत हसत घडी घालून परत ठेवली. गिऱ्हाईक म्हणून थोडे खट्टू व्हायला झाले, परंतु दुकानदाराने माल न विकण्याचे इतके योग्य कारण मी क्वचितच ऐकले आहे.

त्याऐवजी मी लोबान आणि भिंतीवरचे शहेनशाही (पारशी कालगणनेच्या एका पद्धतीचे) पंचांग घेतले. महिन्यातील तीसही दिवसांना, म्हणजे रोजांना, स्वतंत्र नावे आहेत, आणि त्यांतील काही नावे वाचताना कर्तव्यांची यादी वाचल्यासारखे वाटते: बहमन गुराढोरांचा रक्षक, अर्दीबेहेश्त अग्नीचा, शहरेवर धातूंचा, अस्पंदाद धरणीची, खोरदाद पाण्याची, अमरदाद वनस्पतींची. यांपैकी काहीही विटाळणे हे पाप. बहमन, मोहोर, गोश आणि राम या रोजांना श्रद्धाळू पारशी मांस वर्ज्य करतात. दानाचे महत्त्व तर २१ शब्दांच्या ‘यथा अहू वइर्यो’ या प्रार्थनेतच आहे, तिचा शेवट गरजूंच्या पाठीराख्यापाशी येतो. माहीम कॉजवेसाठी दानशूर पारशी अवाबाई जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले होते, त्याची आठवण मला तिथे झाली.

तक्रारी दोन. एकाही वस्तूवर किंमत लिहिलेली नाही, त्यामुळे सुखडच्या प्रतवारीत नवख्याला काहीच कळत नाही आणि सांगितलेला भाव मान्य करावा लागतो. दुसरे म्हणजे पंचांग केवळ गुजरातीत आहे, मराठीत रोजांची नावे मला बाईंकडून उतरवून घ्यावी लागली. लोबान मात्र उत्तम निघाला. दुपारी दुकान बंद असते, तेव्हा सकाळी जावे, आणि बाई गल्ल्यावर असतील तर हातात वेळ ठेवून जावे.