शाडूचा गणपती की पितळेचा?

भाचीने विचारलं, “मावशी, नव्या घरातला पहिला गणपती. शाडूचा आणू की पितळेचाच घेऊन टाकू?” आमच्याकडे दोन्ही झालेत, म्हणून सांगते.

खर्चाचं सोपं आहे. पितळ वजनावर मिळतं, एकदाच पैसे मोजायचे. शाडूची मूर्ती दरवर्षी नवी, पण तो पैसा पेणसारख्या गावांतल्या कारागिरांच्या घरी जातो. मला तो जड वाटत नाही.

सांभाळायला शाडू अवघड. वजनाला भारी आणि नाजूक; गाडीतून आणताना मांडीवरच घ्यावी लागते. पितळेला ती भीती नाही. चिंच-मिठाने घासली की लखलखीत.

खरा फरक विसर्जनाचा. भाद्रपद शुद्ध चतुर्थीची पूजा मुळात पार्थिव गणपतीची, म्हणजे मातीच्या. माती पाण्याला परत द्यायची. शाडू घरच्या बादलीतही विरघळते, गाळ कुंडीतल्या मातीत थोडा थोडा मिसळता येतो. बादलीत तो आकार हळूहळू विरताना पाहून आमची मुलं गप्प होतात, आणि ते गप्प होणं मला मोलाचं वाटतं. पितळेच्या मूर्तीची उत्तरपूजा करून ती हलवायची आणि जपून ठेवायची. काही घरांत सोबत सुपारी किंवा छोटा मातीचा गणपती पूजून तेवढाच विसर्जित करतात.

परदेशात राहणाऱ्यांना, सतत बदलीवर असणाऱ्यांना पितळेची बरी. घरात लहान मुलं असतील तर शाडूचीच आण. तुझी लेक चार वर्षांची आहे ना?